चाळलेली माती

मिस्त्रीच्या हातून एखादं काम वाकडं होईल, ही सोयच नव्हती. ओळंबा धरल्याशिवाय हा माणूस साधा खिळासुद्धा भिंतीला ठोकत नसे. दोरीवर वाळत घातलेले कपडे सपाटी बघायची पाणसळ लावून सरळ करायचे तेवढे त्याने बाकी ठेवले होते, आणि तेही बायकोच्या धाकाने. भिंत बांधून झाली की लांब उभा राहून एक डोळा मिटून बघायचा, मग दुसरा मिटून बघायचा, आणि मगच समोरच्या गार झालेल्या चहाला हात लावायचा. अशा माणसाने सासूबाईंसाठी वाफा बांधायला घेतल्यावर काय झालं असेल, याचा अंदाज तुम्हाला आलाच असेल. घोळ झाला. पण तो सांगायचा तर आधी सासूबाई सांगायला हव्यात.

सासूबाईंचं घर बसने अर्ध्या दिवसावर होतं. घरामागे त्यांचे तीन उंच वाफे होते. सासरे होते तेव्हा त्यांनी जुनी दारं आडवी ठोकून ते केले होते, चांगले कंबरेएवढे उंच, कारण बाईंची पाठ वाकायला तयार नसे. उभ्याने पेरायचं, उभ्याने खुडायचं. त्या वाफ्यांतली माती मात्र सासऱ्यांनी केलेली नव्हती, ती बाईंनी केली होती. भाज्यांची सालं, वाळका पाला, अंड्यांची टरफलं, सडका पेंढा, जे घरात नको ते सगळं त्या वर्षानुवर्षं मातीला घालत आल्या होत्या. ‘मातीला भूक लागते,’ म्हणायच्या. ‘आणि ती मागत नाही, म्हणून आपण लक्षात ठेवायचं.’

आता मिस्त्रीला या बाईंचं इतकं अप्रूप का होतं? सासूचं कौतुक करणारे जावई जगात असतात, पण ते बहुतेक सासू समोर बसलेली असताना. हा पाठीमागेही करायचा. त्याचं कारण असं, की काही वर्षांमागे मिस्त्री परांचीवरून खाली आला होता. पाय नाही, हात नाही, थेट खुबाच मोडला. बायको बेकरीत कामाला, पहाटेच्या भट्टीवर. ती नोकरी सोडते तर घरात खायचं काय? तेव्हा सासूबाई आल्या, पेशंटकडे एकदा पाहिलं आणि लेकीला म्हणाल्या, ‘तू तुझी भट्टी सांभाळ. ह्याला मी नेते.’ आणि खरंच नेलं.

जवळजवळ वर्षभर तो त्यांच्या घरी होता. सुरुवातीला भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. बोलायचा नाही, जेवायचा नाही. बाई वाफ्यातला पालक उकळून त्याचं पाणी चमच्याने पाजायच्या, आणि हा गडी ते चक्क थुंकायचा. बाई तोंड पुसायच्या आणि पुढचा चमचा भरायच्या. त्याआधी त्या त्याला ‘जावईबापू, तुम्ही’ म्हणत असत. त्या चमच्यांच्या दिवसांत कधीतरी ‘तुम्ही’ गळून पडलं आणि ‘अरे गवंड्या’ सुरू झालं, ते आजतागायत. पुढे त्याला उभं केलं तेव्हा बाईंनी त्याला मागे नेऊन वाफ्यापाशी सोडलं. म्हणाल्या, ‘ही कड धर आणि चाल.’

‘पडलो तर?’

‘पडलास तर पालकात पडशील. त्यात काही मोडत नाही.’

त्या तीन वाफ्यांच्या कडा धरून धरून मिस्त्री पुन्हा चालायला शिकला. दारांची ती लाकडं त्याच्या तळहातांनी गुळगुळीत झाली होती. घरी परतताना त्याला खूप काही म्हणायचं होतं. पण विटा-सिमेंटात जन्म गेलेल्या माणसाची जीभ अशा वेळी दगा देते. तो ‘येतो, आई’ एवढंच म्हणाला आणि बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडला.

आणि आता त्याच सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. हाड शाबूत राहिलं, नशीब. पण सकाळपासून त्या ओल्या फरशीवर पडून होत्या. शेवटी दूधवाल्याने हाका मारून मारून दार फोडलं, तेव्हा दुपार झाली होती. हे कळलं तशी नवरा-बायको दोघं गेली आणि हातापाया पडली, की आता आमच्याकडे चला. बाई ऐकतील तर शपथ. दोन दिवस नुसती हुज्जत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘माझी माती येणार असेल तर मी येते. एक मोसम बघते. माती तिथे लागली तर मी राहीन. नाही लागली तर मला गुपचूप इथे आणून सोडायचं. रडारड चालणार नाही.’

घराला कुलूप लागलं, किल्ली बाईंच्या बटव्यात गेली. त्या आठवडाभर धाकट्या लेकीकडे राहायला गेल्या, आणि मिस्त्री कामाला लागला. वाळूचा टेम्पो सांगितला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या तीन-तीनदा धुऊन वाळवल्या. वाफे रिकामे करून माती घरी आणली. मागच्या अंगणात कंबरेएवढा विटांचा वाफा बांधला. विटांमधल्या फटी, म्हणजे दर्जा, अशा भरल्या, की मुंगीने आत जायचं म्हटलं तरी परवानगी काढावी लागेल. मग पहिली गोणी सोडली, माती ओतली, आणि मिस्त्रीने कपाळावर हात मारला.

अहो, काय नव्हतं त्या मातीत! अर्धवट कुजलेला पेंढा, पानांचे तुकडे, मुळ्या, टरफलं, ढेकळं, आणि वर वळवळणारी गांडुळं. वर्षभर तो याच मातीच्या कडेने चालला होता खरा, पण तेव्हा त्याची नजर स्वतःच्या पावलांवर होती. ‘हा कचरा आईंच्या पुढ्यात ठेवायचा?’ त्याने वाळू चाळायची मोठी जाळी काढली, तिरकी उभी केली आणि फावड्याने माती मारायला सुरुवात केली.

बायको बेकरीतून आली तर अंगणात मैद्याचा ढीग. जरा काळ्या मैद्याचा.

‘अहो, हे काय चाललंय?’

‘माती चाळतोय.’

‘माती कुणी चाळतं का?’

‘चाळल्याशिवाय काही भरायचं नसतं. तू पाव भाज.’

पाव भाजणाऱ्या बाईला पीठ आणि माती यांतला फरक कळत होता, पण नवऱ्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता, म्हणून ती गप्प बसली. मिस्त्रीने एकदा चाळलेली माती पुन्हा चाळली. थर टाकला, पाणी शिंपडलं, थापीने दाबला. पुन्हा थर, पुन्हा पाणी, पुन्हा थापी. शेवटी वर पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोब्बर मधोमध! जाळीवर राहिलेला चोथा त्याने टाकला नाही, कारण गवंडी माणूस काहीच टाकत नाही. कधी कुठे भराव घालायला लागलं तर, म्हणून त्याने तो पाण्याच्या टाकीमागे सारला आणि वर ओलं गोणपाट टाकलं. नव्या बांधकामाला रोज सकाळी पाणी मारायचं असतंच, तेव्हा बादलीत उरेल ते पाणी तो त्या गोणपाटावर ओतायचा. पुढे विटांना पाण्याची गरज राहिली नाही, तरी हाताला लागलेलं वळण काही सुटलं नाही.

सासूबाई आल्या. काठी टेकत अंगणात गेल्या. मिस्त्री हातात पाणसळ घेऊन वाफ्याशेजारी उभा, निकालाच्या दिवशी मूल उभं राहतं तसा. बाईंनी विटांवरून हात फिरवला. मग बोटं मातीत घातली. ती दोन पेरांच्या पुढे जाईनात. त्यांनी हात बाहेर काढला, रुमालाला पुसला, आणि जावयाच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

‘फार देखणं बांधलंयस रे,’ एवढंच म्हणाल्या.

मिस्त्रीला आकाश ठेंगणं झालं. त्याच उत्साहात त्याने दुकानातून आणलेला स्टीलचा दांडा दाखवला, न्हाणीघरात हाताला धरायला. बाईंनी मान हलवली. ‘नको. पाहुण्यासाठी कुणी भिंत फोडतं का?’ दांडा कागदात गुंडाळलेलाच दारामागे गेला.

बाईंनी घेवडा टोकला, पालक पेरला, गाजरं पेरली. आणि मग जे व्हायचं ते झालं. पाणी घातलं की वर तळं साचायचं. तळं आटलं की वर कडक पापुद्रा, त्याला बारीक भेगा. पालकाचे चार कोंब कसेबसे डोकं वर काढून पिवळे पडले. घेवड्याने तर डोकं काढायचीही तसदी घेतली नाही.

एका सकाळी मिस्त्रीने त्या पापुद्र्यावर बोटाने टकटक केलं. आवाज आला. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. आयुष्यभर त्याने तो ऐकला होता, आणि त्याचे लोकांकडून पैसे घेतले होते. तो गिलाव्याचा आवाज होता. आपण बाईंच्या मातीचा गिलावा करून ठेवलाय, हे त्याला उभ्या जागी कळलं. मातीतलं जे जे मोकळं होतं, जिवंत होतं, ज्यातून हवा-पाणी खेळत होतं, तेच त्याने निवडून निवडून बाहेर काढलं होतं. कचरा म्हणून!

‘मग सांग तिला,’ बायको म्हणाली.

‘काय सांगू? तुमची आयुष्यभराची माती मी चाळून मारली, असं सांगू?’

‘हो. असंच.’

सोपं असतं, सांगणाऱ्याला. मिस्त्रीने मूग गिळले. पण गप्प बसवेना म्हणून त्याने वाफ्याच्या तळाच्या ओळीत भोकं पाडली. आतून गढूळ पाणी पाझरून आलं. ‘हे मात्र बरं केलंस,’ बाई म्हणाल्या, आणि वाफ्यावर वाळका पाला पसरून ठेवू लागल्या. मग शेजारच्या रिटायर पोस्टमास्तरांनी, ज्यांचं सगळं बागकाम खुर्चीत बसून चालतं, पांढऱ्या खताची पिशवी दिली. ‘मूठभर टाका, आठ दिवसांत जंगल!’ मिस्त्री मूठभर कशाला टाकेल? त्याने ओंजळ भरली. तेवढ्यात बाईंनी काठीनेच त्याचा हात अडवला.

‘परांचीवरून पडलास तेव्हा पहिल्या दिवशी मी तुला काय दिलं होतं?’

‘पालकाचं पाणी.’

‘चमच्याने. पंगत नव्हती ना वाढली?’ त्यांनी ती पिशवी पोस्टमास्तरांना आभारासकट परत पाठवली.

मोसम सरत आला. एका सुट्टीच्या दुपारी तिघं जेवायला बसली होती. बाईंनी आपली ताटली संपवली, पाणी प्यायल्या आणि हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्या तसं म्हणाल्या, ‘येत्या रविवारी मला सोडून ये हं, गवंड्या. ठरलं होतं आपलं.’

मिस्त्रीचा घास तोंडातच राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे ओली फरशी आली, बंद दार आलं, दूधवाल्याच्या हाका आल्या. बायकोने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला.

‘आई,’ तो म्हणाला, ‘माती लागली नाही त्यात मातीचा दोष नाही. मी ती चाळली. दोनदा चाळली. थापीने दाबली. तुमच्या मातीतला जीव मी काढला.’

‘माहितीये मला,’ बाई म्हणाल्या.

‘कधीपासून?’

‘पहिल्या दिवसापासून. बोटं घातली तेव्हाच. माझ्या मातीत माझा हात कोपरापर्यंत जातो.’

‘मग बोलला का नाहीत? चार शिव्या द्यायच्या!’

‘तू तिथे ती पाणसळ घेऊन उभा होतास,’ बाई म्हणाल्या. ‘इतका खूश होतास. गेलेली माती बोलून परत येणार होती का? म्हटलं, माती गेली ती गेली, ह्याचा आनंद कशाला मोडावा. मोसम संपला की आपण होऊन घरी जावं, कुणाला काही वाटायला नको.’

झालं! इतके दिवस अडलेलं मिस्त्रीच्या तोंडून धो धो बाहेर पडलं. ‘आई, मी आज चालतो ते तुमच्यामुळे. मी थुंकायचो आणि तुम्ही पुढचा चमचा भरायचात. त्या दिवशी बसमध्ये बसताना मला हेच म्हणायचं होतं, मला जमलं नाही. त्यानंतर रोज आठवतं आणि रोज राहून जातं. मला तुमच्यासाठी एक तरी गोष्ट अशी करायची होती, की जिच्यात कुठे खोट नसेल, म्हणून चाळत बसलो. मला काय हवं ते बोला, पण त्या घरी एकट्या जाऊ नका. तुम्ही पडलात आणि मी इथे असलो, तर मी कुठल्या पायांवर उभा राहू?’

बायको उठून उगीचच ओट्यावरची धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली. सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांनी एकदम विचारलं, ‘चाळणीवरचं काय केलंस?’

‘अं?’

‘पेंढा, पाला, मुळ्या. जो कचरा निघाला तो. फेकलास कुठे?’

‘फेकतोय कशाला?’ मिस्त्री नाक पुसत म्हणाला. ‘टाकीमागे आहे. भरावाला होईल म्हणून ठेवलाय.’

बाई ताडकन उठल्या. पाठीचं, काठीचं भान न ठेवता त्या अंगणात पोचल्यासुद्धा. मिस्त्रीने गोणपाट ओढलं आणि तिघंही बघत राहिली.

खाली काळीभोर, भुसभुशीत, दमट अशी रास होती. पेंढा ओळखू येत नव्हता इतका विरला होता. जंगलातल्या पाचोळ्यासारखा वास आला. बाईंनी हात घातला, आणि तो मनगटावरून कोपरापर्यंत सरळ आत गेला. ओंजळ वर काढली तर तिच्यात गांडुळंच गांडुळं, लहान-मोठी, लाल, तुकतुकीत. एका बाजूने कुठल्याशा जुन्या बीचा भोपळा उगवून उजेडासाठी गोणपाटाखालून वाट काढत होता.

‘अगं बाई!’ सासूबाई म्हणाल्या. ‘ह्यांनी तर इथे संसार थाटलाय! पाणी कोण घालत होतं ह्यांना?’

‘मी,’ मिस्त्री ओशाळून म्हणाला. ‘म्हणजे मुद्दाम नाही. सकाळी बादली हातात असली आणि ओलं गोणपाट दिसलं, की पाणी मारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हाताची खोड आहे.’

बाईंनी घमेलं पालथं घातलं, त्यावर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग ते नुसतं पाणीच राहिलं. मातीच्या हातांनीच त्यांनी डोळे पुसले, तशी गालावर काळी रेघ उठली. ‘जीव आहे रे हिच्यात,’ त्या म्हणत होत्या. ‘अख्खी माती जिवंत ठेवलीस की तू. मला वाटलं होतं संपलं सगळं. गवंड्या, किती बरं केलंस तू हे टाकलं नाहीस.’

मिस्त्री फावडं आणायला धावला. वाफा खणून सगळं कालवून टाकायचा त्याचा बेत होता.

‘ठेव ते खाली!’ बाई कडाडल्या. ‘आणि पाणसळ तर घराबाहेरच काढू नकोस. हातांनी उचलायचं आणि नुसतं वर पसरायचं. उंच-सखल राहू दे. वर पाला टाकायचा. खाली न्यायचं काम त्यांचं आहे, आणि त्यांना मिस्त्री लागत नाही.’

मग तिघांनी ओंजळी भरभरून ती रास वाफ्यावर नेली. दाबायचं नव्हतं, सरळ करायचं नव्हतं. मिस्त्रीची बोटं दोनदा-तीनदा सपाट करायला शिवशिवली, आणि दर वेळी बाईंची काठी विटेवर वाजली. भोपळ्याचा वेल बाईंनी मुळांच्या मातीसकट उचलून कोपऱ्यात लावला. काम संपलं तेव्हा वाफा अगदी गबाळा दिसत होता. मिस्त्रीने एक डोळा मिटून पाहिला, दुसरा मिटून पाहिला, आणि आयुष्यात इतकं चांगलं काम आपल्या हातून झालं नाही असं त्याला वाटलं.

हात धुताना त्याने हळूच विचारलं, ‘मग आई, ते रविवारचं?’

‘त्याचं काय? तुला सुट्टी आहे ना?’

‘आहे.’

‘ही माती पुरती बरी व्हायला दोन मोसम तरी जातील,’ बाई नखांतली माती काढत म्हणाल्या. ‘तोवर मी काय आंघोळीवाचून बसू? तो दांडा बसव.’

बायकोच्या हातातला तांब्या तिथेच खाली पडला. मिस्त्रीने रविवारची वाट पाहिली नाही. त्याच संध्याकाळी दारामागचा दांडा निघाला, कागद सुटला, आणि सासूबाई कोरड्या न्हाणीघरात उभ्या राहिल्या. ‘डोळे मिटा आणि हात सहज जाईल तिथे भिंतीला लावा,’ मिस्त्री म्हणाला. त्यांनी लावला. हात जरा तिरका गेला, पुढे किंचित वर. मिस्त्रीने पेन्सिलने तशीच तिरकी खूण केली आणि तसाच तिरका दांडा पक्का बसवला. पाणसळ बाहेर खुंटीला लटकत होती, तिला त्याने हात लावला नाही.

बाईंनी दांडा धरला, ओढून पाहिला, दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं.

‘घट्ट आहे रे.’

‘तरी नीट धरत जा, आई,’ मिस्त्री म्हणाला. ‘इथे खाली पालक नाही.’